बहात्तर मेळ, दोन संगणकभाषा

प्रचलित समज

एका फंक्शनल भाषेतला कोड दुसऱ्या फंक्शनल भाषेत नेणे म्हणजे चिन्हांची अदलाबदल, असे सर्रास मानले जाते. दोन्ही भाषा लॅम्डा कॅल्क्युलसच्या पायावर उभ्या, दोन्हींत फंक्शन हे इतर मूल्यांसारखेच एक मूल्य, दोन्हींत लिस्ट, रिकर्शन आणि पॅटर्न जुळवणे. मग फरक उरतो तो कुठे दोन टिंबे द्यायची आणि कुठे चार एवढाच, असा हा हिशेब. तुलनेची एक सोपी रीतही त्यातूनच रूढ झाली आहे. तोच प्रोग्रॅम दोन्ही भाषांत लिहायचा, ओळी मोजायच्या, घड्याळ लावायचे आणि निकाल सांगायचा.

हा हिशेब चुकीच्या जागी सुरू होतो. प्रत्येक भाषा प्रोग्रॅमरला काही गोष्टी न लिहिता गृहीत धरू देते. मूल्य कोणत्या क्षणी काढायचे, दोन वस्तू समान केव्हा म्हणायच्या, बिघाड झाला तर तो कोणाला कळायचा, या त्यांतल्या मुख्य. मूळ कोड वाचून त्या दिसत नाहीत, कारण त्या कोडात नसतातच. कोड दुसऱ्या भाषेत नेताना मात्र त्यांतल्या काही लिहाव्या लागतात, काही नकळत गळतात, काहींची जागा बदलते. भाषांची खरी तुलना या हालचालीची नोंद ठेवूनच होऊ शकते. ओळींची संख्या हा त्या नोंदीतला सर्वांत कमी मोलाचा आकडा आहे.

तपासणीसाठी निवडलेले उदाहरण

सतराव्या शतकात तंजावरच्या नायक दरबारात, विजयराघव नायकाच्या आश्रयाने, वेंकटमखीने ‘चतुर्दण्डीप्रकाशिका’ हा संगीतावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. पुढे १६७६ च्या सुमारास तंजावर एकोजी भोसल्यांकडे आले, आणि त्याच घराण्यातल्या तुळजाजींनी अठराव्या शतकात ‘संगीतसारामृत’ लिहिताना वेंकटमखीच्या मांडणीचा आधार घेतला. त्या मांडणीचा गाभा म्हणजे बहात्तर मेळ.

नियम थोडक्यात असा. षड्ज आणि पंचम अचल. ऋषभाचे तीन प्रकार आणि गांधाराचे तीन. पण गांधार ऋषभाच्या वरच असला पाहिजे ही अट लावली की नऊ जोड्यांपैकी सहा उरतात. धैवत आणि निषाद यांच्याही तशाच सहा. मध्यम दोन, शुद्ध आणि प्रति. सहा गुणिले सहा गुणिले दोन, एकूण बहात्तर. क्रमही ठरलेला आहे. मध्यम सर्वांत सावकाश बदलतो, म्हणून पहिले छत्तीस मेळ शुद्ध मध्यमाचे आणि पुढचे छत्तीस प्रति मध्यमाचे. ऋषभ-गांधाराची जोडी दर सहा मेळांनी बदलते आणि सहांच्या त्या गटाला चक्र म्हणतात. धैवत-निषादाची जोडी मेळागणिक बदलते.

ही यादी नव्हे, यादी निर्माण करणारा नियम आहे. म्हणजे शब्दशः एक फंक्शन. उत्तर इतके छोटे की हाताने पडताळता येते, आणि परंपरेतली न लिहिलेली गृहीतके मात्र भरपूर. रूपांतराच्या तपासणीसाठी याहून सोयीचा नमुना सापडणे कठीण.

भाषा दोन घेतल्या आहेत, हॅस्केल आणि ओकॅमल. हॅस्केलची कल्पना १९८७ मध्ये ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या परिषदेत पुढे आली आणि पहिला अधिकृत आराखडा १९९० मध्ये आला. ओकॅमल फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत १९९६ मध्ये ‘ऑब्जेक्टिव्ह कॅमल’ या नावाने आकाराला आली. रॉबिन मिलनर यांनी १९७८ मध्ये मांडलेली टाइप ओळखण्याची पद्धत दोन्हींच्या मुळाशी आहे. दोघी सख्ख्या बहिणी नसल्या तरी एकाच कुळातल्या आहेत, आणि चिन्हबदलाचा समज खरा असेल तर तो इथे सर्वांत खरा ठरायला हवा.

पहिली पायरी: जे खरोखरच चिन्हांचे आहे

हॅस्केलमध्ये मेळांची लिस्ट एका ओळीत बसते. दोन मध्यमांतून एक, सहा पूर्वांग-जोड्यांतून (ऋषभ-गांधार) एक, सहा उत्तरांग-जोड्यांतून (धैवत-निषाद) एक घ्या, असे तिन्ही निवडींचे वर्णन एकाच कंसात लिहिता येते. शेवटची निवड सर्वांत वेगाने फिरते, त्यामुळे मेळांचा परंपरागत क्रमांक आपोआप साधतो. ओकॅमलच्या प्रमाण भाषेत अशी रचना नाही. तिथे एका लिस्टमधल्या प्रत्येक घटकापासून नवी लिस्ट करून त्या सर्व जोडणारे फंक्शन तीनदा एकात एक घालावे लागते. हॅस्केलचा कंपायलरही आतून बहुतांशी हेच करतो. इथपर्यंत समज बरोबर आहे.

एवढ्यातही एक धोका आहे, तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा. हॅस्केलमध्ये चार टिंबे म्हणजे ‘याचा टाइप अमुक’ आणि दोन टिंबे म्हणजे ‘लिस्टच्या डोक्यावर घटक ठेवा’. ओकॅमलमध्ये नेमके उलट. हा गोंधळ कंपायलर लगेच पकडतो. ‘फंक्टर’ हा शब्द अधिक फसवा आहे. हॅस्केलमध्ये तो आतल्या मूल्यांवर फंक्शन चालवू देणाऱ्या टाइपांचा वर्ग आहे, तर ओकॅमलमध्ये फंक्टर म्हणजे एक मॉड्यूल घेऊन दुसरे मॉड्यूल देणारी रचना. संगीतातही नावे अशीच फसवतात: कर्नाटक संगीतातली तोडी आठव्या मेळाची, आणि हिंदुस्थानी तोडी थाटाचे स्वर पंचेचाळिसाव्या मेळाचे. आठव्या मेळाचे स्वर हिंदुस्थानी गायकाला भैरवी थाटाचे वाटतील. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९०४ मध्ये दक्षिणेचा प्रवास केला आणि पुढे दहा थाटांची मांडणी केली. त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. दक्षिणेतला शुद्ध ऋषभ म्हणजे उत्तरेतला कोमल रे. नावे जुळवत गेलेला माणूस इथे हमखास चुकतो. स्थाने जुळवणारा चुकत नाही.

दुसरी पायरी: समान कशाला म्हणायचे

चतुःश्रुती ऋषभ आणि शुद्ध गांधार यांचे स्वरस्थान एकच. षट्श्रुती ऋषभ आणि साधारण गांधार यांचेही तसेच. बारा स्थानांवर सोळा नावे अशी ही व्यवस्था आहे. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नावाला वेगळा घटक दिला तर हा भेद टिकतो. प्रश्न पुढचा: चतुःश्रुती ऋषभ आणि शुद्ध गांधार समान आहेत का?

हॅस्केलमध्ये या प्रश्नाचे उत्तर प्रोग्रॅमरला टाइपबरोबरच देता येते. समानतेचा टाइपक्लास असतो आणि ‘स्थान एक असेल तर समान’ असा नियम त्यात लिहिता येतो. नंतर प्रोग्रॅमभर जिथे जिथे समानतेचे चिन्ह येईल तिथे तोच नियम लागतो, लिस्टमध्ये स्वर शोधणाऱ्या ग्रंथालयातल्या फंक्शनमध्येही. फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या टाइपक्लासचे सामर्थ्य हेच आहे. नियम एकदाच लिहायचा, तो पोहोचवण्याचे काम कंपायलरचे.

ओकॅमलचे समानतेचे चिन्ह रचना पाहते आणि टाइपागणिक त्याचा नियम बदलता येत नाही. हॅस्केलचा कोड चिन्हाला चिन्ह ठेवून ओकॅमलमध्ये आणला तर तो विनातक्रार कंपाइल होतो, चालतो, आणि ‘या मेळात शुद्ध गांधाराच्या स्थानी काही आहे का’ याचे उत्तर चतुःश्रुती ऋषभ असतानाही ‘नाही’ असे देतो. त्रुटीचा संदेश कुठेही येत नाही. बरोबर रूपांतर करायचे तर समानतेचे फंक्शन वेगळे लिहून प्रत्येक वापराच्या जागी हाताने द्यावे लागते, किंवा मॉड्यूलमध्ये बांधून फंक्टरमार्फत पुरवावे लागते. हॅस्केलने जे अदृश्य ठेवले होते ते इथे दृश्य होते.

हा ओकॅमलचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. मेळ कधी क्रमांकाने लावायचे असतात, कधी नावाच्या अकारविल्हे. ओकॅमलमध्ये दोन मॉड्यूल लिहिली की काम झाले, आणि कोणता क्रम वापरात आहे ते वाचणाऱ्याला दिसते. हॅस्केलमध्ये एका टाइपला क्रमाचा एकच नियम, म्हणून टाइपक्लासच्याच वाटेने दुसरा क्रम हवा असेल तर त्याच मूल्याला नवा टाइप पांघरावा लागतो. न लिहिण्याची सोय एका बाजूला मिळाली तिची किंमत दुसऱ्या बाजूला अशी चुकवावी लागते.

तिसरी पायरी: मूल्य केव्हा काढायचे

वेंकटमखीने बहात्तर मेळांची शक्यता सिद्ध केली, पण आपल्या काळात प्रचारात असलेले म्हणून वर्णन केले ते एकोणीसच. नियम पूर्ण मांडायचा आणि गरज असेल तेवढेच बाहेर काढायचे, ही त्याची रीत हॅस्केलच्या वागण्याशी जुळते. हॅस्केल कोणतेही मूल्य मागणी आल्याशिवाय काढत नाही. बहात्तरांची लिस्ट लिहिली तरी बाविसावा मेळ मागितल्यावर फक्त तोच घडवला जातो. ओकॅमलमध्ये लिस्ट तयार झाली याचा अर्थ सर्व बहात्तर घटक घडून गेले.

बहात्तरच्या आकड्याला वेळेचा फरक पडत नाही. फरक अर्थाचा आहे. समजा, प्रत्येक मेळासोबत त्याची माहिती काढणारे फंक्शन आहे आणि चाळिसाव्या मेळावर ते अडखळते. हॅस्केलमध्ये बाविसावा मेळ विनासायास मिळतो. चाळिसाव्याची चूक तो मागितला जाईपर्यंत तशीच झोपून राहते, आणि उठते तेव्हा बहुधा मूळ जागेपासून दूर, छपाईच्या ओळीवर. ओकॅमलमध्ये ती लिस्ट अस्तित्वातच येत नाही. ती प्रोग्रॅमच्या आरंभी लिहिली असेल तर प्रोग्रॅम सुरू होतानाच थांबतो. एकीकडे अर्धवट माहितीवरही काम करता येते, दुसरीकडे अर्धवट माहिती लपत नाही. कोणते वागणे हवे हे कामावर ठरेल. दोन्ही कोड ‘सारखेच’ आहेत असे मात्र म्हणता येत नाही.

तालाच्या आवर्तनात हा भेद आणखी उघड होतो. आदितालाच्या आठ मात्रा, चार अधिक दोन अधिक दोन, पुन्हा पुन्हा येत राहतात. हॅस्केलमध्ये हे आवर्तन अनंत लिस्ट म्हणून एका शब्दात लिहिता येते आणि तिच्यातून हव्या तेवढ्या मात्रा उचलता येतात. तेच ओकॅमलमध्ये लिस्टला लिस्ट जोडत जाणाऱ्या फंक्शनने घडवू गेल्यास काम कधीच संपत नाही.

ओकॅमलमध्ये यावर उपाय आहेत, आणि रूपांतर करणाऱ्याची खरी परीक्षा तिथे लागते. प्रमाण ग्रंथालयात २०१८ पासून ‘सीक्वेन्स’ हा प्रकार आहे. तो पुढचा घटक मागितल्यावरच काढतो. वरवर पाहता हॅस्केलच्या लिस्टचा हाच पर्याय वाटतो. पण हॅस्केलची नाव दिलेली लिस्ट एकदा काढलेले घटक लक्षात ठेवते, सीक्वेन्स ठेवत नाही. बहात्तर मेळांवरून पाच वेळा फिरले तर पहिलीत बहात्तर वेळा काम होते, दुसऱ्यात तीनशे साठ वेळा. उत्तर तेच, खर्च पाचपट. लक्षात ठेवणे हवे असेल तर ‘लेझी’ हा वेगळा टाइप वापरून तसे उघड लिहावे लागते.

क्रिस ओकासाकी यांच्या ‘प्युअरली फंक्शनल डेटा स्ट्रक्चर्स’ या १९९८ च्या पुस्तकात हीच गोष्ट पद्धतशीर दिसते. मुख्य मजकुरातला कोड स्टँडर्ड एमएल या, मूल्य लगेच काढणाऱ्या भाषेत आहे आणि परिशिष्टात हॅस्केल आहे. स्टँडर्ड एमएलमध्ये उशिरा मूल्य काढण्याची सोय अंगभूत नसल्याने तिच्यासाठी एक खास खूण मजकुरात घालावी लागली. त्या पुस्तकातल्या रांगांच्या खर्चाचे गणित ‘उशिरा काढा, पण एकदाच काढा’ यावर उभे आहे. खूण असल्यामुळे ते गणित कोणत्या जागी टेकले आहे हे वाचकाला दिसते. हॅस्केलमध्ये तीच गोष्ट सगळीकडे असल्यामुळे कुठेच दिसत नाही. समजून घेण्यासाठी स्टँडर्ड एमएलमधला कोड अधिक उपयोगी, असे इथे निःसंकोच म्हणावे लागते.

उलट दिशेच्या प्रवासात तोटा वेगळा होतो. ओकॅमलमध्ये लाखो आकड्यांची बेरीज डावीकडून करणारे फंक्शन प्रत्येक पावलावर बेरीज करत जाते. तेच हॅस्केलमध्ये नावाने जुळणाऱ्या फंक्शनने लिहिले तर ‘नंतर करायच्या’ बेरजांचा ढीग स्मृतीत साचू शकतो. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर कंपायलर बहुधा सावरून घेतो, पण भरवशाचा मार्ग म्हणजे लगेच बेरीज करणारे वेगळे फंक्शन निवडणे.

चौथी पायरी: बिघाड कोणाला कळायचा

मेळांच्या नावांत त्यांचा क्रमांक लपवलेला असतो. कटपयादी पद्धतीने पहिल्या दोन अक्षरांतल्या व्यंजनांचे अंक घ्यायचे आणि उलटे वाचायचे. ‘मायामाळवगौळ’मध्ये म चे पाच आणि य चा एक, म्हणून पंधरावा मेळ. शंकराभरणाला क्रमांक बसावा म्हणून ‘धीर’ जोडले. ध चे नऊ, र चे दोन, एकोणतीस. तोडीला एका परंपरेने ‘हनुम’ जोडले, दुसरीने ‘जन’. ह आणि ज दोन्हींचे आठ, न चे शून्य; दोन्ही रस्ते आठव्या मेळाला पोहोचतात.

हे फंक्शन लिहायला घेतले की पहिली अडचण अक्षर म्हणजे काय ही. ‘धीर’ या शब्दाची लांबी हॅस्केल तीन सांगते, कारण ती ध, दीर्घ ईकाराची खूण आणि र असे तीन युनिकोड घटक मोजते. ओकॅमल नऊ सांगते, कारण तिची स्ट्रिंग बाइटांची असते आणि देवनागरीचा प्रत्येक घटक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. मराठी वाचक दोन म्हणेल, आणि कटपयादीला तेच दोन हवेत. दोन्ही भाषांत अक्षरे वेगळी करणारा भाग स्वतःच लिहावा लागतो. चिन्हाला चिन्ह ठेवून नेलेला कोड मात्र नऊ आणि तीनमध्ये गोंधळ घालतो.

दुसरी अडचण परंपरेतली आहे. जोडाक्षर आले तर कोणते व्यंजन धरायचे? ‘रत्नांगी’ दुसरा मेळ. त्न मधला शेवटचा न धरला तरच शून्य-दोन जमते. ‘सूर्यकांत’ सतरावा, तिथेही र्य मधला शेवटचा य. पण ‘चक्रवाक’ सोळावा आहे, आणि त्यासाठी क्र मधला पहिला क धरावा लागतो. शेवटचा र धरला तर सव्वीस येतात. ‘दिव्यमणी’ अठ्ठेचाळिसावा, तोही पहिला व धरून. गायकाला मेळ माहीत असतो, म्हणून विसंगती जाणवत नाही. प्रोग्रॅमला ती अपवादांच्या तक्त्यात लिहावीच लागते.

तक्त्यात नाव सापडले नाही तर? ओकॅमलचे शोधणारे मूळ फंक्शन अपवाद फेकते, आणि त्याचा टाइप एवढेच सांगतो की नाव घेतो, अंक देतो. बिघाडाची शक्यता टाइपमध्ये नसते. हॅस्केलचे त्या जागेचे फंक्शन ‘अंक असेल किंवा नसेल’ असा टाइप देते, आणि बोलावणाऱ्याला दोन्ही शक्यतांचा विचार करावा लागतो. ओकॅमलमधून हॅस्केलकडे जाताना म्हणूनच एक बदल पसरत जातो: एका फंक्शनचा टाइप बदलला की त्याला बोलावणाऱ्या सर्वांचा बदलतो. मध्येच नोंद छापणारी एक ओळ किंवा जुने शोध साठवणारा तक्ता असेल तर तोही टाइपमध्ये जाहीर करावा लागतो. ओकॅमलमध्ये या गोष्टी मुकाट्याने चालतात. शिवाय फंक्शनला दिलेल्या मूल्यांपैकी कोणते आधी काढायचे हे ओकॅमलने अनिश्चित ठेवले आहे, त्यामुळे छापण्याचा क्रम गृहीत धरलेला कोड मुळातच कच्चा असतो, आणि हे बहुधा रूपांतर करतानाच कळते.

‘चक्रवाक’चे सव्वीस हे उत्तर मात्र कोणतीच भाषा पकडत नाही. तो वैध क्रमांक आहे, टाइप बरोबर आहे, मेळ चुकीचा आहे. तुलनेत याचे श्रेय किंवा दोष कोणत्याही बाजूला टाकू नये.

लिपीने दिलेला दाखला

गळती केव्हा घातक आणि केव्हा निरुपद्रवी, हे तंजावरच्या दोन लिपींवरून नेमके कळते. तिथल्या मराठी दरबाराची कागदपत्रे मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार सहसा वेगळे लिहीत नाहीत आणि शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. देवनागरीत उतरवणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर आहे.

आता कटपयादी लावून पाहावे. ती स्वर मोजत नाही, फक्त व्यंजने मोजते, म्हणून मोडीतली गळती तिला बाधत नाही. तमिळ लिपीत मात्र ‘कीरवाणी’, ‘खरहरप्रिया’ आणि ‘गौरीमनोहरी’ या तीन नावांची पहिली दोन व्यंजने एकच होतात. हे मेळ अनुक्रमे एकविसावा, बाविसावा आणि तेविसावा. क, ख, ग यांच्यातला भेद गेला की तिघांचा क्रमांक हरवतो. अशा जागी तमिळ छपाईत अक्षराशेजारी लहान अंक देऊन वर्ग दाखवण्याची पद्धत आहे. प्रोग्रॅमर टाइप हाताने लिहितो तो याच गरजेपोटी.

म्हणजे एकच गळती एका वाचनाला निरुपद्रवी आणि दुसऱ्याला घातक असू शकते. परिणामरहित आणि नेहमी संपणाऱ्या कोडात मूल्य केव्हा काढले याने उत्तर बदलत नाही. अनंत लिस्ट किंवा छापणे आले की सगळे बदलते. ‘अमुक भाषा तमुक भाषेपेक्षा चांगली’ या विधानाला, त्या कोडातून काय वाचायचे आहे ते सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

क्रमांक तोच, वस्तू वेगळी

चाचण्या उत्तीर्ण झाल्या की रूपांतर बरोबर, हे गृहीतक स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. बहात्तर मेळांच्या नावांच्या दोन परंपरा आहेत. कनकांबरी-फेनद्युती ही मालिका वेंकटमखीच्या घराण्याशी जोडली जाते. मुत्तुस्वामी दीक्षितर तिचे अनुयायी. कनकांगी-रत्नांगी ही मालिका गोविंदाचार्यांच्या ‘संग्रहचूडामणी’तली. बाविसाव्या जागी एका मालिकेत श्रीराग आहे, दुसरीत खरहरप्रिया. स्वरस्थाने तीच. पण खरहरप्रिया आरोह-अवरोहात सातही स्वर घेते, आणि श्रीरागाच्या आरोहात गांधार-धैवत येत नाहीत. क्रमांक आणि स्वरस्थाने एवढेच पाहणारी चाचणी दोन्हींना एक म्हणेल, गायक म्हणणार नाही. लिस्ट आणि सीक्वेन्स यांचेही तसेच आहे: घटक तेच, क्रम तोच, चाल वेगळी. चाल तपासणारी चाचणी मुद्दाम लिहावी लागते. तिसरा घटक मागितल्यावर चौथ्याला स्पर्श झाला का, दुसऱ्या फेरीत काम पुन्हा झाले का, असे प्रश्न तिच्यात असावे लागतात.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सैद्धांतिक. दोन्ही भाषांत तीच फंक्शने गणता येतात, तेव्हा सामर्थ्यात फरक नाही. हे खरे आहे, पण त्यामुळे तुलनेचा प्रश्नच पुसला जातो, कारण मग मशीनच्या भाषेशीही फरक उरत नाही. मथायस फेलायझन यांनी १९९१ मध्ये अधिक नेमका निकष दिला: एका भाषेतली रचना दुसरीत जागच्या जागी उतरवता येते, की त्यासाठी सगळा प्रोग्रॅम फिरवावा लागतो? लिस्टची एका ओळीतली रचना जागच्या जागी उतरते. छापणारी एक ओळ हॅस्केलमध्ये नेताना बोलावणाऱ्यांची साखळीच बदलते. गॉर्डन प्लॉटकिन यांनी १९७५ मध्ये दाखवले की मूल्य लगेच काढणारी आणि मागणीनुसार काढणारी पद्धत एकमेकींची नक्कल करू शकतात. पण ती नक्कल संपूर्ण प्रोग्रॅमचे रूप बदलून होते. सैद्धांतिक समतेचा पुरावाच इथे फरकाचे माप देतो.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. पूर्वी कॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिद्धता-प्रणालीतून ओकॅमल, हॅस्केल आणि स्कीम या तिन्हींचा कोड आपोआप निघतो, मग हाताच्या कष्टांचे कौतुक कशाला? तिथे ते जमते कारण मूळ भाषेत प्रत्येक फंक्शन संपणारे असते आणि बाहेर परिणाम करत नाही. घातक गृहीतके मुळातच काढून टाकलेली असतात. तरीही मूळ टाइप लक्ष्यभाषेत मावत नाहीत तिथे निघालेल्या कोडात टाइप-तपासणी चुकवणारी खूण घालावी लागते. ती खूण या लेखातल्या अर्थाने एक प्रामाणिक नोंदच आहे.

तिसरा आक्षेप असा की बहात्तर मेळ हे खेळणे आहे. ओकासाकी यांचे पुस्तक खेळणे नाही. रिचर्ड बर्ड आणि वॉडलर यांचे १९८८ चे पाठ्यपुस्तकही नाही. त्यातली लेखनपद्धत मिरांडा या भाषेच्या वळणाची होती आणि बर्ड यांनी १९९८ मध्ये ते हॅस्केलसाठी नव्याने लिहिले. दोन्ही भाषा मागणीनुसार मूल्य काढणाऱ्या, म्हणून तो प्रवास तुलनेने सोपा. पण टाइपक्लास मिरांडात नव्हते, हॅस्केलमध्ये होते, आणि समानता, क्रम, अंक यांची मांडणी नव्या पायावर उभी करावी लागली. मोठ्या कामातही ताण याच सांध्यांवर येतो.

परतीचा प्रवास

तुलनेसाठी सर्वांत उपयुक्त कृती म्हणजे कोड नेऊन परत आणणे, आणि ते दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांचे न पाहता. मेळांचा हॅस्केल कोड ओकॅमलमध्ये गेला आणि परत आला की तो मूळ रूपात येत नाही. समानतेचे फंक्शन आता प्रत्येक ठिकाणी हाताने दिलेले असते, कारण ओकॅमलमध्ये ते तसे द्यावे लागले. आवर्तनाभोवती ‘लेझी’चे वेष्टन उरते, जे हॅस्केलला नको असते. अकारविल्हे क्रमासाठी पांघरलेला टाइप गेलेला असतो आणि त्याजागी तुलनेचे एक साधे फंक्शन आलेले असते. उलट फेरीत ओकॅमलचा कोड परत येतो तेव्हा त्याच्या शोधणाऱ्या फंक्शनांच्या टाइपांत ‘असेल किंवा नसेल’ कायमचे लिहिलेले असते, आणि छापणाऱ्या ओळी आतून निघून बाहेरच्या कडेला गेलेल्या असतात.

या प्रत्येक अवशेषापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: मूळ भाषेत ती न लिहिता कशी चालत होती, दुसरीत ती कोणत्या ओळीवर लिहावी लागली, आणि परतल्यावर ती काढून टाकली तर काय बिघडते. मेळांच्या कोडात ‘लेझी’चे वेष्टन काढल्याने काहीच बिघडत नाही. हाताने दिलेली समानता काढली तरी काही बिघडत नाही, फक्त टाइपक्लासचा नियम जागेवर असल्याची खात्री करावी लागते. ‘असेल किंवा नसेल’ काढले, तर जोडाक्षरांच्या तक्त्यात नसलेले पहिले नाव येताच प्रोग्रॅम पूर्वीसारखाच, बोलावणाऱ्याला न कळवता, कोसळतो.